धारेचा हिशेब



या व्यासपीठावरून इतिहास सांगायला विद्वान मंडळी येतात. मी कामगारांत वावरणारा माणूस. शाळा सातवीत सुटली, पुढचे वाचन युनियनच्या कचेरीतल्या बाकावर झाले. तेव्हा राजघराण्यांचा इतिहास माझ्याकडून अपेक्षू नका. मी एका पात्याचा इतिहास सांगणार आहे.

हे पाते एका खलाशी मित्राने वेस्ट इंडीजकडच्या जुन्या बाजारातून आणून मला दिले. लांबी दीड हात, मूठ तडकलेली, सर्वांगाला गंज. स्पॅनिश भाषेत याला माचेते म्हणतात. आपला कोयता वाकडा, हे सरळ व लांब. काम तेच, ऊस तोडणे आणि झाडोरा छाटणे. रॉकेलच्या चिंधीने गंज पुसत गेलो तेव्हा मुठीजवळ छाप दिसू लागला : एक मुकुट, त्यातून वर आलेला हातोडा धरलेला हात, आणि 'लेजिटिमस' हा लॅटिन शब्द, म्हणजे अस्सल.

धार लावायला बसलो. शेजारचा पोरगा म्हणाला, विजेच्या चाकावर धरा, दोन मिनिटांत होईल. त्याचे ऐकले असते तर पाते गेलेच होते. कोरड्या चाकावर पोलाद निळे पडते आणि त्याचे पाणी उतरते. मग धार टिकत नाही. माचेतेचे पोलाद मुद्दाम फार कडक ठेवलेले नसते, कारण शेतात दगड लागला तर ते मोडू नये आणि साध्या कानशीने घासता यावे. पाते शिकंज्यात धरायचे, कानस एकाच दिशेने चालवायची, परत आणताना उचलायची. कोन वीस-पंचवीस अंशांचा, आणि धार वस्तऱ्यासारखी पोकळ नव्हे, मसुरीच्या डाळीसारखी किंचित फुगीर. मुठीजवळची चार बोटे बोथटच ठेवायची. शेवटी तेलाचा हात. मुठीला जवसाचे तेल. मला या सगळ्याला दीड तास लागला. दीड तास, हे ध्यानात ठेवा.

मग मनात आले, या पात्याला पहिली धार कोणी लावली असेल? तो छाप कॉलिन्स कंपनीचा. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात फार्मिंग्टन नदीच्या पाण्यावर 1826 मध्ये हा कुऱ्हाडींचा कारखाना निघाला. एलिशा रूट हा हुन्नरी कारागीर 1832 मध्ये तिथे आला आणि त्याने हाताचे घडाईकाम यंत्रावर नेले. पुढे तो कोल्टच्या पिस्तुलांच्या कारखान्यात गेला. कॉलिन्सची माचेती लॅटिन अमेरिकेत इतकी पसरली, की काही देशांत माचेतेलाच 'कॉलिन' म्हणू लागले. 1966 मध्ये कारखाना बंद झाला.

पण घडाई यंत्रावर गेली तरी धार माणसाच्या हातीच राहिली. वाळूच्या दगडाची मोठाली चाके पाण्यात फिरत आणि माणूस त्यावर पाते दाबून बसे. पाणी आहे म्हणजे धूळ नाही, अशी समजूत होती. ती खोटी. उडालेले तुषार भिंतीवर, कपड्यांवर वाळत आणि तीच धूळ छातीत जाई. 1920 च्या सुमारास डॉक्टरांनी त्या राज्यातल्या एका कुऱ्हाडींच्या कारखान्याची तपासणी केली, तेव्हा धार लावणाऱ्यांत आणि पॉलिशवाल्यांत क्षयाचे मरण इतर कामगारांच्या कित्येक पट निघाले. उपाय साधा होता : वाळूच्या दगडाऐवजी कृत्रिम दगडाचे चाक. कार्बोरंडमचा शोध 1891 मध्येच लागलेला होता!

आता हे पाते गेले कुठे ते पाहा. 10 ऑक्टोबर 1868 रोजी क्यूबात ला देमाहागुआ येथे कार्लोस मान्वेल दे सेस्पेदेस या ऊसमळ्याच्या मालकाने आपले गुलाम मुक्त करून स्पेनविरुद्ध बंड पुकारले. बंदुका थोड्या होत्या. माचेते मात्र ऊस तोडणाऱ्याच्या हातात होतेच. माक्सिमो गोमेझने बायरेजवळ त्याच वर्षी माचेत्यांचा हल्ला चढवून दाखवला. इतिहासाची पुस्तके हे आवडीने सांगतात. गुलामगिरी कायद्याने संपायला मात्र 1886 उजाडले, आणि ती संपल्यावरही पाते होते तिथेच, उसाच्या फडात राहिले.

ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याला जास्त. जमिनीलगत म्हटले की माती आली, खडे आले. म्हणजे धार जाणारच आणि ती पुन्हा लावावी लागणारच. आपल्याकडे बीडहून येणाऱ्या तोडणी कामगारांना हे मी सांगायला नको. नवराबायकोच्या जोडीला आपण 'एक कोयता' म्हणतो. माणसाची गणतीच हत्याराने होते. मजुरी टनावर. कोयता पाजळायला जो वेळ जातो त्यात टन भरत नाही, म्हणून तो वेळ कोणाच्याच वहीत नाही.

एका वाटाघाटीत मी हा मुद्दा काढला होता. टेबलापलीकडचे गृहस्थ हसून म्हणाले, "अहो, उद्या न्हाव्याच्या वस्तऱ्याची धारही मागाल!" मी म्हणालो, "साहेब, तुमच्या कारखान्यातल्या यंत्रांची दुरुस्ती कोणत्या खात्यावर टाकता?" ते म्हणाले, "देखभाल." "मग कोयत्याची?" त्यावर चहा आला.

कलम वगळून करार झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे मी खोपींकडे ते सांगायला गेलो, तेव्हा एक बाई बॅटरीच्या उजेडात, मांडीवर पोर घेऊन, कानस चालवत बसली होती.