केळीच्या बागेत नेमकं मोजायचं काय?

दीड मीटर बाय दीड मीटर अंतरावर केळी लावली, तर एका हेक्टरात साधारण ४,४४४ झाडं बसतात. आता सांगा, या बागेत वेगळे नमुने किती? तुमचं उत्तर ४,४४४ असेल तर जरा थांबा. सगळी झाडं एकाच वाणाची असतील, तर जनुकांच्या हिशोबात उत्तर जवळजवळ ‘एक’ आहे. या दोन आकड्यांतला फरक किती महाग पडू शकतो, हे केळीच्या इतिहासात दिसतं.

खायच्या केळ्यात उगवणारं बी नसतं. कंदाला फुटलेले मुनवे लावायचे किंवा उतिसंवर्धित रोपं आणायची. दोन्हीत नवं झाड म्हणजे आईची नक्कल. शेतकऱ्याला ते सोयीचं, कारण घड सारखे येतात. पण बुरशीलाही ते तितकंच सोयीचं!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अमेरिका-युरोपच्या बाजारात ‘ग्रो मिशेल’ हे एकच केळं चाले. जाड सालीचं, बोटीच्या प्रवासात टिकणारं. मध्य अमेरिकेत त्याचे मळेच्या मळे उभे राहिले आणि तिथेच पनामा मर रोग पसरला. ही फ्युजारियम बुरशी मुळांतून शिरते, पाणी वाहून नेणाऱ्या नलिका बंद पाडते आणि नंतर कित्येक वर्षं मातीत टिकते. कंपन्या जुने मळे सोडून नवी जंगलं तोडत राहिल्या. शेवटी १९६० च्या दशकापर्यंत त्यांना वाणच बदलावा लागला. नवा वाण होता कॅव्हेंडिश.

आता आपल्याकडे बघा. जळगावात आधी बसराई होती, मग ग्रँड नैन आली. नाव बदललं, पण दोन्ही कॅव्हेंडिश गटातल्याच. म्हणजे वाणांची यादी वाढली, विविधता फारशी नाही. आज त्याच बुरशीचा टीआर-४ हा प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. तो २०१९ मध्ये कोलंबियात सापडला आणि भारतात बिहारमध्येही आढळला आहे.

मग खरा फरक ओळखायचा कसा? १९५५ मध्ये सिमंड्स आणि शेफर्ड यांनी एक पद्धत मांडली. खोड, केळफूल वगैरेंची १५ लक्षणं घ्यायची आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण द्यायचे. बेरजेवरून कळतं, की ‘अक्युमिनाटा’ (ए) आणि ‘बाल्बिसियाना’ (बी) या दोन रानटी पूर्वजांचा वाटा किती. आता डीएनए मार्करनी हे तपासता येतं, पण गटांची ए-बी नावं तीच राहिली.

या नजरेने कोकणातली एखादी छोटी वाडी पाहा. नारळी-पोफळीच्या सावलीत सफेद वेलची (एबी), सुकेळीसाठी लागणारी राजेळी (एएबी) आणि कडेला बसराई (एएए). बेटं तीनच, पण गटही तीन. हेक्टरभर ग्रँड नैनमध्ये हे सापडणार नाही.

मात्र ‘देशी म्हणजे काटक’ असा निष्कर्ष काढू नका. ग्रो मिशेलला संपवणारा जुना मर रोग वेलचीलाही लागतो, बसराई मात्र त्याला दाद देत नाही. मिश्र लागवडीचा फायदा इतकाच, की एकाच रोगाने सगळी वाडी सहसा आडवी होत नाही. माव्यातून पसरणाऱ्या पर्णगुच्छ रोगापुढे तेवढंही पुरत नाही. तिथे निरोगी मुनवेच हवेत. शेजाऱ्याकडून प्रेमाने आणलेल्या मुनव्याबरोबर रोगही घरी येऊ शकतो.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये नमुन्यांची संख्या लिहिण्याआधी तीन गोष्टी नोंदवा : शेतकरी वाणाला काय म्हणतो, मुनवा कुठून आला आणि कोणत्या वर्षी. आपली सफेद वेलची कर्नाटकात ‘येलक्की’ होते, राजेळीला केरळात ‘नेंद्रन’ म्हणतात. त्यामुळे स्थानिक नाव हे गृहीतक समजा आणि तपासा. पण ते लिहून ठेवाच, कारण वाडीतलं शेवटचं बेट गेलं की पुढच्या संशोधकाला विचारायलाही कोणी उरत नाही.