डिअरबॉर्नचा मतदारसंघ: डिंगेल घराण्यापासून रशिदा तलैब यांच्यापर्यंत

अमेरिकेत निवडणूक आली की आपल्या घराघरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर डिअरबॉर्न हे नाव फिरायला लागतं. कुणी 'अमेरिकेतलं मुस्लिम शहर' म्हणून तिथल्या मशिदीचा फोटो टाकतं, कुणी भलतीच अफवा पुढे पाठवतं. आम्हाला वर्गात मुलं विचारतात की तिथे वेगळा कायदा चालतो का. नाही, चालत नाही. तिथे मिशिगन राज्याचे आणि अमेरिकेचेच कायदे चालतात. तिथले मुसलमान इतरांसारखेच कर भरतात आणि रांगेत उभे राहून मत देतात.

पण त्या मताला वजन यायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली. ती वर्षं कशी गेली, हे समजून घेण्यासारखं आहे. म्हणून डेट्रॉइटच्या या उपनगरी मतदारसंघाचा इतिहास इथे एकत्र मांडत आहोत.

मतदारसंघ कसा ठरतो

अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ४३५ जागा आहेत. आपल्या लोकसभेसारखंच एका मतदारसंघातून एक प्रतिनिधी, पण मुदत फक्त दोन वर्षांची. दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्यावरून कोणत्या राज्याला किती जागा, हे नव्याने ठरतं. आपल्याकडे लोकसभेत राज्यांच्या जागांची वाटणी १९७१ च्या जनगणनेवर थांबलेली आहे. तिकडे मात्र लोक राज्य सोडून गेले की जागाही जाते. मिशिगनकडे १९७० च्या दशकात १९ जागा होत्या, आता १३ उरल्या आहेत. कारखाने बंद पडले, माणसं दक्षिणेकडच्या राज्यांत गेली.

जागा बदलल्या की सीमा बदलतात आणि मतदारसंघाचा क्रमांकही बदलतो. त्यामुळे डिअरबॉर्न कधी १६ व्या, कधी १५ व्या, तर कधी १२ व्या मतदारसंघात दिसतं. शहर जागेवरच आहे, त्याच्याभोवतीची रेषा सरकत राहिली. ही रेषा कोण ओढतं, हा सगळ्यात मोठा प्रश्न. त्याच्याकडे पुढे येऊ.

फोर्डचा कारखाना आणि पहिली वस्ती

डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड यांचा प्रचंड रूज कारखाना १९१७ ते १९२८ या काळात उभा राहिला. एके काळी तिथे एक लाखाच्या वर कामगार होते. त्याआधी डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्कमध्ये फोर्डने १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली होती. त्या काळात ती जवळजवळ दुप्पट होती. लेबनॉन, सीरिया, येमेन या भागांतले लोक या कामाच्या ओढीने आले. १९२१ मध्ये हायलँड पार्कला मशीद बांधली गेली, ती फार काळ टिकली नाही. रूज कारखाना सुरू झाल्यावर मंडळी डिअरबॉर्नच्या दक्षिण टोकाला, कारखान्याच्या अगदी भिंतीला लागून राहायला गेली. या वस्तीला 'साऊथ एंड' म्हणतात. तिथली जमात १९३८ ची आहे आणि तिची मशीद आजही चालू आहे.

पुढे १९६७ चं युद्ध, १९७५ पासूनचं लेबनॉनचं यादवी युद्ध आणि १९९१ चं इराक युद्ध यांनी प्रत्येक वेळी नवी कुटुंबं आणली. आधी कामाला आलेली माणसं होती, नंतर जीव वाचवायला आलेली.

दोन घराणी, एक जागा

१९३२ च्या निवडणुकीत या भागातून दोन पोलिश वंशाचे डेमोक्रॅट निवडून आले: डेट्रॉइटच्या बाजूने जॉन डिंगेल आणि डिअरबॉर्नच्या बाजूने जॉन लेसिन्स्की. दोघांचंही पदावर असताना निधन झालं आणि दोघांच्याही जागी त्यांचे मुलगे आले. मुलांची नावंसुद्धा बापांचीच. लेसिन्स्की धाकटे १९५१ मध्ये, डिंगेल धाकटे १९५५ मध्ये.

१९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी सारखी असलीच पाहिजे. मिशिगनच्या रेषा बदलल्या आणि हे दोघे एकाच मतदारसंघात आले. त्याच वर्षी काळ्या नागरिकांना समान हक्क देणारा नागरी हक्क कायदा मंजूर झाला होता. डिंगेल यांनी त्याच्या बाजूने मत दिलं होतं, लेसिन्स्की यांनी विरोधात. मतदारसंघातले बरेच गोरे मतदार या कायद्यावर नाराज होते, तरीही पक्षांतर्गत निवडणूक डिंगेल यांनी जिंकली.

डिंगेल २०१५ पर्यंत, म्हणजे ५९ वर्षांहून जास्त काळ सभागृहात होते. अमेरिकन काँग्रेसच्या इतिहासात इतकी वर्षं कुणीच काढली नाहीत. त्यांचे वडील प्रत्येक सभागृहात राष्ट्रीय आरोग्य विम्याचं विधेयक मांडत आणि मुलानेही ते चालू ठेवलं. १९६५ मध्ये वृद्धांसाठीचा मेडिकेअर कायदा सभागृहात मंजूर झाला, तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीत धाकटे डिंगेलच होते. २००१ चा पेट्रिअट कायदा आणि २००२ चा इराक युद्धाचा ठराव, दोन्हींच्या विरोधात त्यांनी मत दिलं. त्यांच्यानंतर त्यांच्या पत्नी डेबी डिंगेल निवडून आल्या. १९३३ पासून काँग्रेसमध्ये हे घराणं एकदाही खंडित झालेलं नाही.

घराणेशाही म्हटली की आपण नाक मुरडतो, आणि ते बरोबरच आहे. पण अरब मतदार वाढत गेले तसे डिंगेल त्यांच्या जलशांना आणि दुकानांना जात राहिले, हेही खरं. मतदार दार ठोठावायला लागले की जुनं घराणंही दार उघडतं.

हबर्ड यांचं शहर

वर काँग्रेसमध्ये हे चाललं असताना खाली शहरात चित्र वेगळं होतं. १९४२ ते १९७८ ऑर्व्हिल हबर्ड डिअरबॉर्नचे महापौर होते. काळ्या लोकांना शहरात घर मिळू द्यायचं नाही, हे त्यांचं उघड धोरण होतं. साऊथ एंडही त्यांच्या डोळ्यांत सलत होतं. वस्ती मोडून तिथे कारखान्यांची जागा करायची, म्हणून नगरपालिका घरं विकत घेऊन पाडत होती आणि उरलेल्यांची अडवणूक करत होती. रहिवासी फेडरल न्यायालयात गेले. १९७३ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला, अपिलांमुळे प्रकरण पुढे दहा वर्षं चाललं. पण वस्ती वाचली. याच काळात, १९७१ मध्ये, 'अॅक्सेस' ही संस्था सुरू झाली. नव्याने आलेल्यांना इंग्रजी शिकवायची, अर्ज भरून द्यायचे, अशी तिची कामं होती. आज ती देशातल्या मोठ्या अरब अमेरिकन संस्थांपैकी एक आहे.

१९८५ मध्ये मायकल गुइडो महापौरपदासाठी उभे राहिले. त्यांनी घरोघरी पाठवलेल्या प्रचारपत्रकात शहरातल्या 'अरब समस्ये'बद्दल चक्क मथळा दिला होता. ते निवडून आले आणि २००६ मध्ये निधन होईपर्यंत महापौर राहिले. पण याच गुइडोंना पुढच्या निवडणुकांत त्याच 'समस्ये'च्या दारात मतं मागायला जावं लागलं. १९९० च्या सुमारास सुझान सरेनी या नगर परिषदेवर निवडून आलेल्या पहिल्या अरब अमेरिकन ठरल्या. २०२१ मध्ये अब्दुल्ला हम्मूद महापौर झाले, तेव्हा ते जेमतेम ३१ वर्षांचे होते.

कोणत्याच पक्षाच्या खिशात नाही

बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं की मुसलमान मत एकगठ्ठा असतं. इथला इतिहास तसं सांगत नाही. १९८८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या मिशिगनमधल्या लढतीत इथल्या अरबांनी जेसी जॅक्सन यांना साथ दिली. २००० मध्ये मात्र अनेक मुस्लिम संघटनांनी जॉर्ज बुश यांना पाठिंबा जाहीर केला, कारण गुप्त पुराव्यांवर लोकांना कोठडीत ठेवण्याविरुद्ध ते जाहीर चर्चेत बोलले होते. वर्षभरात ११ सप्टेंबर घडलं, पेट्रिअट कायदा आला, मग इराक युद्ध. मतं पुन्हा डेमोक्रॅटांकडे गेली. २०१६ च्या पक्षांतर्गत लढतीत डिअरबॉर्नने बर्नी सँडर्स या ज्यू उमेदवाराला पुढे केलं. मुसलमान ज्यू माणसाला मत देणार नाहीत असं म्हणणारे तोंडावर पडले.

रशिदा तलैब यांची ९०० मतं

रशिदा तलैब यांचा जन्म १९७६ चा, डेट्रॉइटचा. आई-वडील पॅलेस्टिनी, वडील फोर्डच्या कारखान्यात कामाला, चौदा भावंडांत या थोरल्या. २००९ ते २०१४ त्या मिशिगनच्या विधानगृहात होत्या.

इथे एक गैरसमज दूर करू. २०१८ मध्ये त्या निवडून आल्या, त्या डिअरबॉर्न शहरातून नव्हे. शेजारचा १३ वा मतदारसंघ, डेट्रॉइट आणि आसपासच्या उपनगरांचा, ५२ वर्षं जॉन कॉन्यर्स यांच्याकडे होता. लैंगिक छळाच्या आरोपांनंतर डिसेंबर २०१७ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पक्षांतर्गत निवडणुकीत तलैब यांनी ब्रेंडा जोन्स यांना सुमारे ९०० मतांनी मागे टाकलं. मतांची टक्केवारी होती ३१ विरुद्ध ३०. गंमत म्हणजे कॉन्यर्स यांच्या उरलेल्या काही आठवड्यांच्या मुदतीसाठी त्याच दिवशी वेगळं मतदान झालं, ते जोन्स यांनी जिंकलं. मुख्य निवडणुकीत समोर रिपब्लिकन उमेदवारच नव्हता. म्हणजे काँग्रेसमध्ये पोहोचलेल्या पहिल्या दोन मुस्लिम महिलांपैकी एक, ऑगस्टमधल्या ९०० मतांवर पोहोचली. 'आपल्या एका मताने काय होतं' म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

रेषा कुणी ओढायची

मिशिगनमध्ये पूर्वी रेषा आमदार ओढत. सत्तेतला पक्ष विरोधकांची वस्ती तोडून वेगवेगळ्या मतदारसंघांत विखुरत असे, नाहीतर सगळी एकाच ठिकाणी कोंबत असे. २०१८ मध्ये मतदारांनी साधारण ६१ टक्क्यांनी राज्यघटना बदलली आणि हे काम १३ सामान्य नागरिकांच्या आयोगाकडे दिलं. चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कोणत्याही पक्षाचे नसलेले. समान हितसंबंध असलेल्या वस्त्या शक्यतो एकत्र ठेवायच्या, असा नियम लिहिला गेला. सुनावण्या उघड झाल्या, लोकांनी आपापल्या मोहल्ल्याचं म्हणणं मांडलं.

आधी डिअरबॉर्न १२ व्या मतदारसंघात होतं आणि डिअरबॉर्न हाइट्सचा काही भाग शेजारच्या १३ व्या मतदारसंघात. २०२२ च्या नकाशात ही दोन्ही शहरं नव्या १२ व्या मतदारसंघात एकत्र आली. सोबत साऊथफिल्ड, लिव्होनिया, वेस्टलँड आणि डेट्रॉइटचा एक भाग. डेबी डिंगेल अॅन आर्बरच्या बाजूला ६ व्या मतदारसंघात गेल्या आणि तलैब इथे आल्या.

मग १३ वा कुणाला मिळाला? बेळगावात वाढलेले, मुंबई विद्यापीठात शिकलेले आणि मराठीत आत्मचरित्र लिहिणारे श्री ठाणेदार यांना. नऊ उमेदवारांच्या गर्दीत साधारण २८ टक्के मतांवर ते पुढे गेले. आपल्याला अभिमान वाटणं साहजिक आहे. पण त्याची दुसरी बाजूही बघायला हवी. १९५५ पासून डेट्रॉइटचा निदान एक काळा प्रतिनिधी काँग्रेसमध्ये असायचा, तो २०२३ पासून उरला नाही. बहुसंख्य काळ्या शहराला ही गोष्ट बोचते. एकाला जागा मिळाली तेव्हा दुसऱ्याची गेली, याची जाणीव ठेवलेली बरी.

रेषेआधी मोजणी येते. अमेरिकन जनगणनेत अरबांची नोंद 'गोरे' अशीच होत आली. २०२० मध्ये पहिल्यांदा मूळ देश लिहिण्याची सोय झाली, आणि डिअरबॉर्नच्या सुमारे १ लाख १० हजार लोकांपैकी ५४ टक्क्यांहून जास्त मध्यपूर्व व उत्तर आफ्रिकी वंशाचे निघाले. मार्च २०२४ मध्ये सरकारने या गटासाठी वेगळा रकाना मंजूर केला. इतकी वर्षं समाज तिथेच होता, कागदावर मात्र नव्हता.

गाझा आणि २०२४

७ नोव्हेंबर २०२३ रोजी इस्रायल-गाझाबद्दलच्या वक्तव्यांवरून प्रतिनिधिगृहाने तलैब यांच्यावर २३४ विरुद्ध १८८ मतांनी ठपका ठेवला. त्यांच्याच पक्षाचे २२ सदस्य त्या बाजूला होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनच्या पक्षांतर्गत मतदानात एक लाखाहून जास्त लोकांनी बायडन यांच्याऐवजी 'कुणालाही नाही' अशा अर्थाच्या पर्यायावर खूण केली. डिअरबॉर्नमध्ये असे निम्म्याहून जास्त होते.

नोव्हेंबरमध्ये शहराने तीन तुकडे केले: ट्रम्प साधारण ४२ टक्के, हॅरिस ३६, ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन १८. त्याच मतपत्रिकेवर तलैब यांना मात्र शहरात स्पष्ट बहुमत मिळालं. म्हणजे लोक रागाने आंधळे झाले नव्हते. अध्यक्षपदाचा आणि आपल्या प्रतिनिधीचा हिशोब त्यांनी वेगळा केला. तो हिशोब बरोबर होता की चूक, यावर तिथल्या घराघरांत आजही वाद चालू आहेत. बाप एकीकडे, लेक दुसरीकडे.

आमचं म्हणणं

डिअरबॉर्नमध्ये थेट काँग्रेसची जागा कुणी हातात आणून दिली नाही. क्रम बघा: आधी वस्ती वाचवायला कोर्ट, मग अर्ज भरून देणारी संस्था, मग नगर परिषद, मग जनगणनेत नीट नोंद, मग सीमांच्या सुनावणीला हजेरी, आणि सगळ्यात शेवटी काँग्रेस. यातल्या बहुतेक पायऱ्यांवर कॅमेरे नव्हते.

आपल्याकडेही जनगणनेचा माणूस दारात येतो, मतदार यादीचं पुनरीक्षण होतं, प्रभागरचनेवर हरकती मागवल्या जातात. त्या वेळी आपल्यातले किती जण घरात कागद शोधत बसतात आणि किती जण मुदत संपल्यावर तक्रार करतात, हे प्रत्येकाने आपापल्या मोहल्ल्यात तपासून बघावं. यादीत नाव आहे का, स्पेलिंग बरोबर आहे का, लग्न होऊन आलेल्या सुनेचं आणि १८ पूर्ण झालेल्या मुलामुलींचं नाव चढलं का, एवढं या आठवड्यात बघितलं तरी पुरे.