साखळीची सुटी कडी

इंजिनाची थोरवी सर्वतोमुखीं होते. परंतु त्याची शक्ति चाकापर्यंत पोंचविणारी साखळी मात्र तेल आणि धूळ यांच्या आड उपेक्षित राहते. मोटारसायकलीची ही साखळी आज घरच्या घरीं बदलतां येते, यामागें शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे.

स्वित्झर्लंडांत १८५२ सालीं जन्मलेले हान्स रेनोल्ड १८७३ मध्यें मँचेस्टर येथें आले. १८७९ मध्यें त्यांनीं शेजारच्या सॅल्फर्ड येथील जेम्स स्लेटर यांचा साखळ्यांचा कारखाना विकत घेतला. त्या काळच्या साखळींत सारा भार खिळ्याच्या अरुंद भागावर पडे व तो लवकर झिजे. रेनोल्ड यांनीं खिळ्यावर पोकळ नळी आणि नळीवर फिरता रूळ बसविला. भार रुंद पृष्ठभागावर वांटला जाऊन झीज मंदावली. १८८० मध्यें त्यांनीं या रचनेचें पेटंट घेतलें. आजची साखळी मूलतः तीच आहे.

सायकलीनें साखळी लवकर पत्करली. पुष्कळ मोटारसायकली मात्र पट्ट्यावरच विसंबून होत्या. पावसांत पट्टा भिजे आणि घसरे. १९११ मध्यें आइल ऑफ मॅन बेटावरील शर्यतीच्या वरिष्ठ गटांत ‘इंडियन’ या अमेरिकन बनावटीच्या, साखळीवर चालणाऱ्या गाड्यांनीं पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. साखळीचा पक्ष त्यामुळें बळावला.

रेनोल्ड यांनीं झीज मंद केली. ती नाहींशी करणें कोणासही साधलें नाहीं. साखळी लांबते ती पोलाद ताणलें जाऊन नव्हे. शंभराहून अधिक सांध्यांत प्रत्येकीं केसभर झीज होते, तिची ती बेरीज असते. म्हणून साखळी जोडण्याइतकीच सोडण्याचीही सोय हवी. ती सोय म्हणजे कारागीर जिला ‘चेन लॉक’ म्हणतात ती सुटी कडी.

घरीं साखळी बदलण्यास भक्कम स्टँड, मागील आंसाच्या मापाचे पाने, पक्कड आणि खिळा बाहेर लोटणारें स्क्रूचें हत्यार एवढी सामग्री लागते. इंजिन अर्थातच बंद असावें. चालत्या साखळींत बोट सांपडल्यास तें वांचणें कठीण. नवी साखळी जुनीच्या टोंकास जोडून ओढली, म्हणजे ती पुढील दांतेरी चक्रावरून आपोआप येते. मागील चक्राचे दांते झिजून आंकड्यासारखे झाले असल्यास दोन्ही चक्रेंही बदलावीं. नाहीं तर नवी साखळी अल्पावधींत जुनी होते. अनेक जोरकस गाड्यांत पत्तीऐवजीं खिळ्याचें तोंड दाबून फुलवितात. त्यास निराळें हत्यार लागतें.

सर्वांत शेवटीं येते ती कडीवरील नखाएवढी पत्ती. तिचें बंद टोंक साखळीच्या गतीच्या दिशेस असावें. उलट बसविलेली पत्ती वाटेंत कशास घासली तर निसटते, साखळी सुटते आणि प्रसंगीं मागील चाक जागींच अडकते. रेनोल्ड यांनीं सांध्याकडे जितकें लक्ष दिलें, त्याचा अंशभाग तरी या पत्तीस मिळाला पाहिजे. वेगानें धांवणाऱ्या माणसाचें क्षेम तिच्यावर टांगलेलें असतें.