सड्यावरची बाग

आग्वादचा किल्ला १६१२ मध्ये उभा राहिला. त्याच्या नावातच पाणी आहे. इथल्या झऱ्यावर जहाजं गोडं पाणी भरून घेत. किल्ल्यातल्या टाकीची क्षमता सुमारे २४ लाख गॅलन सांगतात. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या गोव्यात एवढी मोठी टाकी कशाला? कारण बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. पुढचे आठ महिने जांभ्याचा सडा नुसता तापतो, आणि वर खारा वारा.

अशा जागी काय लावायचं? आज आपण लगेच काजू आणि सुरू म्हणतो. पण गार्सिया द ओर्ताचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला, त्यात काजू नाही. १५७८ मध्ये आकोस्ता कोचीच्या बागांतल्या काजूचं वर्णन करतो. म्हणजे ब्राझीलचं हे झाड त्याच सुमारास आपल्या किनाऱ्यावर रुजत होतं. सुरू त्याहून बराच अलीकडचा. शेजारच्या कारवारकडे १८६० च्या दशकात तो लावला, तोही मुख्यतः सरपणासाठी.

त्याआधी वारा कोण झेलत होतं? किनाऱ्यावर चालत गेलात तर उत्तर दिसतं. पुढे वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल, मागे केवडा, त्यामागे उंडी आणि भेंड. प्रत्येक रांग मागच्या रांगेला थोडा आडोसा देते.

मी इंजिनिअर, तरी हे मला उशिरा कळलं. समुद्राकडच्या घराला मी सहा फूट चिऱ्याची भिंत घातली, आत हिरवळ केली, गुलाब लावले. मार्चपर्यंत गुलाबाची पानं कडांनी करपली. भिंतीमुळे वारा थांबतो हा माझा गैरसमज होता. भरीव भिंतीवरून तो उडी मारतो आणि पलीकडे भोवरे करतो. झुडपांचं कुंपण निम्मा वारा गाळून सोडतं, म्हणून त्याचा जोर मोडतो. भिंतीबाहेर कुणीही न लावलेली निर्गुंडी मात्र मजेत होती!

मग भिंत कमरेइतकी उतरवली, बाहेर निर्गुंडी वाढू दिली आणि आत चाफा लावला. तोही अमेरिकेतूनच आलेला, पण उन्हाळ्यात पानं गाळून पाणी वाचवणारा. म्हणजे प्रश्न देशी-परदेशीचा नाही. झाडाला उरलेले आठ महिने झेपतात का, एवढाच आहे.

आज जुन्या वास्तूंभोवती हिरवळ अंथरली जाते आणि मे महिन्यात तिला टँकर लागतो. आग्वादची टाकी बांधणाऱ्यांनी पावसाळा नव्हे, उन्हाळा मोजला होता. आपण बागेचा नकाशा काढताना तेवढं तरी त्यांच्याकडून घ्यावं.