टिटवे हाती घेतल्यावर

गेल्या वर्षीची दिवाळी माझ्या घरी झाली नाही. चाळीस वर्षांची सोबत भाद्रपदात संपली आणि दिवाळीला थोरल्या मुलाने मला आपल्याकडे नेले. तेथे फराळाच्या ताटाभोवती एकच प्रश्न फिरत होता. नणंदेने विचारला, जावेने विचारला, शेजारच्या काकूंनीही विचारला, "आता तुम्ही कोणाकडे राहणार?" विचारण्यात माया होती, याबद्दल शंका नाही. पण कशा राहणार, काय करणार, असे मात्र कोणी विचारीना. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविला. तरी मला या प्रश्नाचे उत्तर सुचेना. चकली मोडली आणि गप्प बसले.

भाऊबीज आटोपून पुण्यास परतले, तेव्हा एके सकाळी उगीच गंज पेठेतल्या फुले वाड्यात जाऊन बसले. विद्यार्थिनींना घेऊन तेथे कितीदा गेले असेन. एकटी गेले ती त्या दिवशीच. अंगणात जोतीरावांची समाधी आहे. मुलींना मी नेहमी १८४८ साल सांगत असे, भिडे वाड्यातली शाळा सांगत असे, सावित्रीबाईंच्या अंगावर पडलेले शेण सांगत असे. धडा तेथेच संपे. त्या दिवशी मात्र मनात आले ते १८९० साल.

जोतीरावांना जुलै १८८८ मध्ये पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, तर डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म' पुरा केला. घरात पैशाची चणचण होती. मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना पत्र लिहून या दांपत्याला साहाय्य करावे अशी विनंती केली, ती याच दिवसांत. अखेर २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव वारले. लग्न १८४० सालचे. म्हणजे पन्नास वर्षांचा संसार. सावित्रीबाई साठीला टेकल्या होत्या.

आपला देह मिठात पुरावा, अशी जोतीरावांची इच्छा होती. घराच्या आवारात तसे करण्यास परवानगी मिळाली नाही आणि दहन करणे भाग पडले. मग प्रश्न आला टिटव्याचा. तिरडीपुढे टिटवे धरून चालतो तो वारस, ही आपल्याकडची रीत. दत्तक मुलगा यशवंत पुढे झाला, तो भाऊबंदांनी हरकत घेतली. यशवंत हा काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. अशा फसलेल्या विधवांसाठी जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले होते. तेथे तो जन्मला, आणि पुढे या जोडप्याने त्याला पदरात घेतले. प्रेत दारात आणि वाद वारसाचा! असले वाद आपणही पाहिले आहेत. फक्त आता ते तेराव्यानंतर निघतात एवढेच.

सावित्रीबाई पुढे आल्या, टिटवे त्यांनी स्वतः उचलले आणि त्या तिरडीच्या पुढे चालू लागल्या. अग्नीही त्यांनीच दिला.

वर्गात हा प्रसंग मी 'धैर्याचे उदाहरण' म्हणून दोन वाक्यांत उरकीत असे. आता वाटते, त्या बाईंना तेव्हा धैर्याचा विचार करायला सवड तरी होती का? कोणीतरी उचलावयाचे होते, ते त्यांनी उचलले. पन्नास वर्षे त्यांनी केले ते असेच तर होते. त्यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे प्रसिद्ध आहेत : १८५६, १८६८ आणि १८७७ सालची. शेवटच्या पत्रात जुन्नर भागातल्या दुष्काळाची हकिकत आहे. नवरा एका जागी, बायको दुष्काळी मुलखात, आणि मध्ये कागद. म्हणजे एकटीने उभे राहण्याचा सराव त्यांना संसारातच झालेला होता. पण तेव्हा संध्याकाळी बसून ज्याला लिहावे असे माणूस होते. १८९० नंतर दुष्काळ पुन्हा आला. तो कळवायला कोणी उरले नव्हते. मला सर्वांत जड वाटते ते हे.

पुढची सहा वर्षे आपण फारशी वाचीत नाही. आपली सावित्रीबाई तरुण असते, हातात पुस्तक असते. परंतु सत्यशोधक समाजाची धुरा या वृद्ध बाईंनी वाहिली. १८९२ मध्ये त्यांचा 'बावनकशी सुबोध रत्नाकर' निघाला. त्यात त्यांनी जोतीरावांचे चरित्र पद्यात मांडले आहे. हे शोकाने लिहिले की समाजाच्या कामासाठी लिहिले, हे मला ठरविता येत नाही. बहुधा त्यांनाही आले नसते. १८९३ मध्ये सासवडला सत्यशोधक परिषद भरली, तिच्या अध्यक्ष सावित्रीबाई होत्या. यशवंत डॉक्टर होऊन लष्करी नोकरीत दूर गेला. १८९५ मध्ये सून वारली. घर रिकामे होत गेले, काम मात्र वाढत गेले.

१८९७ च्या आरंभी पुण्यात प्लेगने कहर मांडला. यशवंत रजेवर आला आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात मायलेकांनी दवाखाना घातला. सावित्रीबाई रोगी आणीत, यशवंत उपचार करी. मुंढव्याच्या महारवाड्यातला पांडुरंग गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी आहे असे कळले, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या या बाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

वाड्यातून निघाले तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. रिक्षा केली नाही, चालत आले. वाटेत मुलाचा फोन आला, त्याने पुन्हा तेच विचारले. मी म्हटले, घरीच राहीन, आणि गल्लीतल्या कामवाल्या बायांच्या मुलींना संध्याकाळी गणित-इतिहास शिकवीन. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आई, गणित तुला कुठे येते?"

ते खरेच आहे. पाढे नव्याने घोकावे लागले. यंदा पाच मुली येतात. दिवाळीही माझ्याच घरी आहे. थोरल्याला, धाकट्याला, नणंदेला, सगळ्यांना फराळाचे बोलावणे गेले आहे. अनारसे जमतील असे दिसत नाही.