व्हायोला आणि सारंगी : साथीच्या वाद्यांचा स्वतंत्र प्रवास

पाश्चात्त्य अभिजात संगीतात व्हायोला या वाद्यास दीर्घकाळ दुय्यम स्थान होते. आकाराने ते व्हायोलिनहून थोडेसेच मोठे. परंतु त्याच्या तारा व्हायोलिनपेक्षा एका पंचमाने खाली मिळविलेल्या असतात. इतक्या खालच्या स्वरांस साजेल एवढा मोठा सांगाडा खांद्यावर धरून वाजविणे अशक्यप्राय होय. त्यामुळे त्याचा नाद किंचित दबलेला व घोगरा राहतो. वादकवृंदातील मधली पोकळी भरण्यापलीकडे या नादास काम नाही, अशी समजूत रूढ झाली. मोझार्टने १७७९ मध्ये व्हायोलिन व व्हायोला यांस बरोबरीचे स्थान देणारी रचना केली; तथापि अशी उदाहरणे विरळाच.

विसाव्या शतकात ही समजूत ढळली. इंग्लंडचे लायनेल टर्टिस यांनी या वाद्याच्या प्रतिष्ठेसाठी आयुष्य वेचले. परंतु विल्यम वॉल्टन यांनी त्यांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला कन्चेर्टो त्यांनाच फार आधुनिक वाटला व त्यांनी तो नाकारला. ३ ऑक्टोबर १९२९ रोजी लंडन येथे तो प्रथम वाजविला जर्मन संगीतकार पॉल हिंडेमिथ यांनी. टर्टिस यांनी पुढे आपली चूक मान्य केली आणि ती रचना स्वतःही वाजविली. बार्टोक यांचा अपुरा राहिलेला व्हायोला कन्चेर्टो त्यांच्या मृत्यूनंतर पूर्ण करण्यात येऊन १९४९ मध्ये सादर झाला. शोस्ताकोविच यांची १९७५ मधील अखेरची रचनाही व्हायोला व पियानो यांसाठीच आहे.

मराठवाड्यातील रसिकास व्हायोला प्रत्यक्ष ऐकण्याचा योग क्वचितच येतो. परंतु असाच इतिहास मुंबईत सारंगीच्या बाबतीत घडला आहे. सारंगी गायकाच्या मागे बसणारी. कोठ्यावरील नाचगाण्याशी असलेल्या संबंधामुळे तिला प्रतिष्ठाही नव्हती. पंडित रामनारायण १९४९ मध्ये मुंबईस आले. १९५४ मध्ये कावसजी जहांगीर सभागृहातील संगीत महोत्सवात त्यांनी स्वतंत्र वादनाचा प्रयत्न केला, तेव्हा नामवंत कलावंतांची वाट पाहणाऱ्या श्रोत्यांनी त्यांस व्यासपीठ सोडावयास लावले. १९५६ च्या महोत्सवात मात्र मुंबईच्या श्रोत्यांनी त्यांच्या स्वतंत्र वादनाचे स्वागत केले.

दोन वर्षांत सारंगी बदलली नव्हती. बदलला तो श्रोत्यांचा कान. टर्टिस यांचे उदाहरण तर असे दाखविते की, वाद्याच्या कैवाऱ्याचा कानही कधी मागे राहतो. व्हायोलात व्हायोलिनची चमक आणि सारंगीत केवळ गळ्याची नक्कल शोधणाऱ्यास या वाद्यांचे मर्म कळणार नाही. ज्यास उणीव मानले गेले, तो दबलेला नादच व्हायोलाचा स्वतःचा आवाज होय.