बेथेलची मंडळी, औंढ्याची ओसरी

माझ्या आजीचं माहेर बेथेल. जालन्याजवळची ही ख्रिस्ती वसाहत. पण कुणी विचारलं, की आजी कधी जालना म्हणायची नाही. "बेथेल," असं सांगायची आणि सांगताना डोक्यावरचा पदर सारखा करायची. औंढ्याच्या बायकांना हे नाव कळायचं नाही. कुणी बीडकडचं गाव समजायचं, कुणी मुसलमानी नाव समजायचं. आजी मग चुलीपुढे बसल्या बसल्या सगळी कथा पहिल्यापासून सुरू करायची. आमच्या मंडळीचा इतिहास मी असा ऐकला, भाकऱ्या थापल्या जात असताना. त्यामुळे त्यातली कुठली गोष्ट कुठल्या सालातली, हे मला पुष्कळ नंतर पुस्तकं चाळून जुळवावं लागलं. काही जुळलं, काही राहून गेलं.

कथेची सुरुवात ठरलेली असायची, ती शेषाद्रीसाहेबांच्या पागोट्यानं. रेव्हरंड नारायण शेषाद्री. जन्मानं ब्राह्मण, मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले. १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण पागोटं सोडलं नाही. १८७३ मध्ये न्यूयॉर्कला मोठी ख्रिस्ती परिषद भरली, तिथंही ते पागोटं घालूनच गेले. आजीनं त्यांना पाहिलेलं असणं शक्य नाही, ते १८९१ मध्येच वारले. तिच्या आजीनं, म्हणजे आम्ही जिला थोरली माय म्हणतो तिनं पाहिलेलं. तरी आजी त्या पागोट्याचे पीळ असे सांगायची, की आमच्या डोळ्यांपुढे माणूस उभा राहायचा.

त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट आजी सांगायची तेव्हा तिचा आवाज उतरायचा. श्रीपत त्याचं नाव, जेमतेम बारा वर्षांचं पोर. थोरल्या भावाच्या मागोमाग तोही मिशनरी साहेबाच्या घरी राहायला गेला. बाप कोर्टात गेला आणि कोर्टानं मुलगा बापाच्या ताब्यात दिला. घरी तर आला, पण ब्राह्मण त्याला पंगतीला घेईनात. तेव्हा 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी पुढाकार घेतला, प्रायश्चित्त देऊन पोराला जातीत परत घ्यावं म्हणून ते झटले. त्यावर मुंबईत केवढं तरी वादळ उठलं. आजीला जांभेकर ठाऊक नव्हते, ती "एक चांगला शास्त्री" एवढंच म्हणायची. तिचा जीव त्या पोरापाशी अडकलेला. "कोर्टात उभं केलं व्हतं लेकराला. त्याच्या मनाचं कोन पाह्यलं, माय?" असं म्हणून ती तव्यावरची भाकरी उलटायची.

नारायणराव पुढे पाळक झाले आणि निजामाच्या मुलखात, जालन्याला आले. तिथं तेव्हा हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. त्यांचं ऐकायला कोण आलं, तर गावकुसाबाहेरचे लोक, त्यातही मांगवाड्यातले जास्त. आमचं घराणं त्यातलंच. लोकांनी बाप्तिस्मा घेतला, की गाव पाणी तोडायचं, काम तोडायचं. अशा लोकांना पाय टेकायला स्वतःची जागा हवी, म्हणून शेषाद्रींनी निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली आणि बेथेल वसवलं. मुसलमान राज्याच्या दिवाणानं, ब्राह्मण जन्माच्या पाद्र्याला, मांगांच्या वस्तीसाठी दिलेली जमीन! आजीला यात नवल वाटायचं नाही. मला अजून वाटतं.

थोरल्या मायचा नवरा हलगी वाजवायचा. लग्नात, जत्रेत, कुणाच्या मयतीलाही. बाप्तिस्मा झाल्यावर हलगीचं काय करायचं, यावर म्हणे वस्तीत बराच खल झाला. कुणी म्हणालं, ही जुन्या देवांपुढची, आता नको. थोरली माय म्हणाली, "हात त्येच हायेत, मंग चामडं नवं कुठून आणू?" हलगी राहिली. नाताळाच्या पहाटे कंदील घेऊन गायनाची फेरी निघायची, तेव्हा पुढे ती असायची. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात मला सापडली नाही. आमच्या घराबाहेर ती कुणाला ठाऊक असेल असंही वाटत नाही. पण आजीनं ती इतक्या वेळा आणि दर वेळी इतक्या सारखी सांगितली, की मी ती खरी धरून चालते.

मग आला छप्पन्नचा दुष्काळ, १८९९-१९००चा. आजीची आई तेव्हा परकर नेसणारी पोर होती. तरवट्याचा पाला आणि कण्या, असंच खाणं. त्या काळातही वस्तीतल्या बायकांनी मूठ चुकवली नाही, हे आजी अभिमानानं सांगायची. मूठ म्हणजे, दळायला बसताना त्यातली एक मूठ ज्वारी देवाच्या मडक्यात टाकायची. महिन्याअखेर मडकी मंडळीत रिकामी व्हायची. त्यातून पाळकाला, विधवेला, वाटेवरच्या उपाश्याला मिळायचं. दुष्काळात मूठ लहान झाली, चिमटीवर आली, पण मडकं पालथं पडलं नाही. आमच्या औंढ्याच्या घरात चुलीच्या उजव्या हाताला असं मडकं मी स्वतः पाहिलेलं आहे. काठाला टवका गेलेला, वर पितळी झाकण.

आजोबा मास्तर. निजामाच्या सरकारी शाळेत नोकरी, आणि बदली झाली ती औंढा नागनाथला. जालन्याहून परभणी, पूर्णेला गाडी बदलून हिंगोलीच्या फाट्यानं चोंडी, तिथून बैलगाडी. आजी सांगायची, की गाडीत तिच्या मांडीवर दोनच वस्तू होत्या, बायबल आणि येसराचा डबा. येसर आमच्याकडचा मसाला. धणे, तीळ, खोबरं, डाळी, सगळं भाजून केलेला. मटणाच्या रश्श्याला तो नसेल तर आजी ताट सरकवून ठेवायची.

औंढ्यात मंडळी ती काय! आमचं घर, तालुक्यातल्या खेड्यांतून येणारी दोन-चार घरं आणि कधी हिंगोलीहून येणारे एखादे कंपाउंडर. उपासना आमच्या ओसरीवर. पुढे ढेलज, वर माळवद, उन्हाळ्यात आतला गारवा असा, की लहान पोरं उपदेशात झोपून जायची. त्यांना कुणी उठवायचं नाही. पाळकसाहेब महिन्यातून एकदा यायचे. बाकीचे रविवार आजोबा वचन वाचायचे आणि आजी गाणं उचलायची. प्रभुभोजनाला मनुका रात्रभर भिजवून, उकळून, फडक्यातून पिळून घ्यायच्या. गव्हाच्या पोळीचे बारीक तुकडे आजी इतके सारखे करायची, की आम्ही पोरं लांबूनच मोजायचो. चोथा आम्हाला मिळायचा. त्या मनुकांच्या चोथ्याची चव मला अजून जिभेवर आणता येते.

आणि सुगीचा सण! ज्वारीची कणसं, तुरीच्या शेंगा, भोपळा, अंडी, पाय बांधलेली कोंबडी, जे ज्याच्या घरात पिकेल ते ओसरीवर येऊन पडायचं. उपासनेनंतर लिलाव. एका भोपळ्याची बोली चढत चढत अशी जायची, की बाजारात त्यात चार भोपळे यावेत. घेणारा तो पुन्हा दान द्यायचा, पुन्हा बोली. औंढ्यातली शेजारची वाणीणही बोली लावायची. तिला कोंबडी नको असायची, पण आजीच्या हातचं लोणचं लिलावात आलं, की ती कुणाला मिळू द्यायची नाही.

आमच्या घरात एकच वाद होता, पण तो आयुष्यभर चालला. बेथेलची मंडळी स्कॉटिश वळणाची. तान्ह्या मुलाच्या डोक्यावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा. आजोबांचे चुलतभाऊ, आमचे दादाआजोबा, बाप्टिस्ट झालेले. त्यांचं म्हणणं, माणसानं कळत्या वयात, स्वतःच्या तोंडानं कबूल करून, पाण्यात पूर्ण बुडी घेऊन बाप्तिस्मा घ्यावा. त्यांनी कयाधूत घेतला होता, भर हिवाळ्यात. दादाआजोबा आले, की जेवणानंतर सुपारी कातरत वाद सुरू व्हायचा. आजोबा म्हणायचे, "पाणी थोडं की फार, देव काय मापट्यानं मोजतो?" दादाआजोबा म्हणायचे, "मोजत नाही, पण लेकराला विचारलं कुठं?" इथं आजी काम थांबवून ऐकायची. मला वाटतं तिला तो कोर्टातला श्रीपत आठवत असावा.

वादात दादाआजोबांचा हुकमाचा पत्ता म्हणजे विल्यम केरी. बाप्टिस्ट मिशनरी, विलायतेत जोडे शिवणारा. बंगालमधल्या सेरामपूरला त्यानं छापखाना काढला, १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार. "तुमच्या स्कॉटिश साहेबांच्या आधी," असं म्हणून दादाआजोबा अडकित्ता खाली ठेवायचे. केरीला मराठी शिकवणारे वैजनाथ पंडित होते. ते नक्की आपल्या परळी वैजनाथचेच असणार, असं आजोबा ठासून सांगायचे, म्हणजे निदान निम्मं श्रेय मराठवाड्याकडे येईल. याला पुरावा काहीही नव्हता. जोडे शिवणाऱ्या हातांनी आपल्या भाषेत शास्त्र छापलं, हे मात्र दोघांनाही सारखंच प्यारं होतं. तेवढ्यावर वाद मिटायचा आणि चहा यायचा.

औंढ्यात राहून नागनाथाशी नातं जडल्याशिवाय राहत नाही. आठवं ज्योतिर्लिंग, यादवांच्या काळातलं काळ्या दगडाचं देऊळ, गाभारा खाली, अरुंद पायऱ्या उतरून. शिवरात्रीच्या यात्रेत आमच्या ओसरीवर ओळखीपाळखीची माणसं मुक्कामाला असायची आणि आजी त्यांना उपासाची भगर रांधून घालायची. ती स्वतः देवळात गेली नाही. पहिल्या काळात कुणी जाऊ दिलं नसतं, पुढे तिला गरज वाटली नाही. पण नामदेवांची गोष्ट तिची लाडकी. नरसी इथून जवळ. नामदेव कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना देवळामागे जायला सांगितलं, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच फिरून त्यांच्याकडे झालं. म्हणून नंदी मागच्या बाजूला राहिला, असं औंढ्यात सगळे दाखवतात. आजी ही गोष्ट शब्बाथशाळेतल्या पोरांना सांगायची. एकदा एक पाहुणे सुवार्तिक नाराज झाले, की बायबलच्या वर्गात ही कथा कशाला. आजी म्हणाली, "गानाऱ्याला मागं धाडलं व्हतं. आमाला बी धाडलं व्हतं. लेकरायला कामून सांगू नको?" ते बिचारे गप्प बसले आणि जेवून गेले.

निजामाच्या राज्यात कचेरी उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. आजोबांची सही उर्दूत झोकदार होती. अशा वेळी घरात मराठी छापील म्हणावं असं बायबल आणि गायनाचं पुस्तक, एवढंच होतं. खेड्यातून येणाऱ्या कितीतरी बायका गाण्याच्या ओळीवर बोट ठेवून अक्षर शिकल्या. आधी गाणं पाठ, मग त्यातलं अक्षर ओळखायचं, ही उलटी बाराखडी आजीची. रझाकारांच्या दिवसांत, ४७-४८ साली, उपासना दार लावून, हळू आवाजात चालायची. तेव्हा आजी रात्री जास्तीच्या भाकऱ्या करायची आणि पहाटेपर्यंत त्या नाहीशा झालेल्या असायच्या. कोण न्यायचं, हे तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. सरहद्दीपलीकडच्या छावण्यांकडे जाणारी पोरं असणार, असा बाबांचा तर्क. १७ सप्टेंबर १९४८ नंतरच्या रविवारी तिनं गाणं पुन्हा मोकळ्या गळ्यानं म्हटलं, एवढं मात्र बाबांना पक्कं आठवत होतं.

आत्या वाशीमला नर्स झाली. तिथं १९३८ साली नाझरिन मिशनचं रेनॉल्ड्स हॉस्पिटल निघालं होतं, डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन बाईंनी उभं केलेलं. म्हणजे एका घरात प्रेस्बिटेरियन, बाप्टिस्ट, नाझरिन, सगळी वळणं आली. बहात्तरच्या दुष्काळात मात्र कुणाचं वळण कुणी विचारलं नाही. ओसरीवर दुधाच्या पावडरीचं पिंप, बाहेर पातेली घेऊन उभी असलेली सगळ्या आळ्यांतली पोरं, आणि आजी उलथन्यानं गुठळ्या मोडत बसलेली. मी त्या रांगेला शिस्त लावायचे, म्हणजे तसं मला वाटायचं.

आजी गेल्यावर ओसरीवरची उपासना काही वर्षं चालली. मग आजोबांचं घर वाटणीत गेलं, मुलं छत्रपती संभाजीनगर, पुण्याला पांगली, मंडळी हिंगोलीकडे जाऊ लागली. उरलीत ती गाणी. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्ती उपासनेला अभंगाचा बाज दिला. त्याआधी कृष्णराव सांगळ्यांची कीर्तनं होतीच. हे सगळं आजीच्या गळ्यात एकत्र नांदत होतं. पुस्तकात शब्द आहेत, चाली नाहीत. त्या चाली लिहून ठेवायचं काम मी आणि माझ्या पुतण्यानं हाती घेतलंय. तो हार्मोनियमवर सूर शोधतो, मी वहीत उतरवते.

काम संथ चाललंय, कारण साक्षीदार एकमताचे नाहीत. नाताळच्या फेरीच्या गाण्याचं दुसरं कडवं वाशीमची आत्या, आता नव्वदीची, खालच्या पट्टीत धरते आणि म्हणते आई असंच म्हणायची. जालन्याच्या मामी म्हणतात, बेथेलमध्ये ते वर जातं, हलगीच्या ठेक्यावर. दोघींना फोनवर एकत्र आणलं, तर दोघी एकदमच गाऊ लागल्या, आपापल्या चालीत, आणि थांबेनात. पुतण्या म्हणाला, दोन्ही लिहून ठेवू. पुढच्या महिन्यात मामींकडे जालन्याला जायचं ठरलंय. तिथल्या एका घरात जुनी हलगी आहे असं कळतं.